पालथी तपेली आणि देवीची आंबील

मी एक जुनी तांब्याची तपेली आहे, मित्रांनो. माझं तांबं आता दिसत नाही, ते काजळीखाली झोपलं आहे. पण अंगावरून हात फिरवलात तर छोटे छोटे खड्डे बोटांना लागतील. ते तांबटाचे ठोके. बायका अंगावर गोंदण मिरवतात ना, तसं हे माझं गोंदण.

सांगलीत कृष्णेच्या काठापासून जवळच एका तांबटाच्या दुकानात माझा जन्म झाला. पलीकडे हळदीची पेठ होती. वारा सुटला की हळदीची धूळ उडून माझ्या कोऱ्या अंगावर बसायची आणि तांबट हसून म्हणायचा की हिला लग्नाआधीच हळद लागली. मी सगळ्यांकडे टुकुटुकू बघायची. ही माणसं कुठून येतात, भांडी कुठे घेऊन जातात, त्यांच्यात काय शिजवतात, याचं मला फार कुतूहल होतं. पोकळ जन्माला आलेल्यांना कुतूहल जरा जास्तच असतं. आपल्यात काय पडणार, हे त्यांना कळून घ्यायचं असतं.

एक दिवस कडेगावचा एक शेतकरी गुळाच्या ढेपा विकून आमच्या दुकानाशी आला. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यानं मला उचललं, आत हात घालून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. त्याच्या लेकीचं नाव बनुबाई. अशी मी तिच्याबरोबर सासरी निघाले. सांगली मागे राहिली, सातारा मागे राहिला, आणि बैलगाडी डोंगरांच्या कुशीत शिरली. मेढ्याच्या अंगाला, पाचगणीच्या पठाराच्या पायथ्याशी आमचं गाव. उसाचा हिरवागार मुलूख संपून इथे नाचणी-वरईची उतरती शेतं होती आणि सकाळी धुकं इतकं दाट असायचं की गोठ्यातली म्हैस नुसत्या आवाजावरून ओळखावी लागे.

मला वाटलं होतं, आता मी चुलीवर बसेन, देवघरासमोरून ये-जा करीन. पण बनुबाईची सासू मनुबाई, तिनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. तिनं मला वरखाली पाहिलं. घरात पितळेची भांडी पुष्कळ होती. ती म्हणाली, “ही मटणाला बरी. परसात ठेवा.”

झालं. माझं नशीब तिथेच ठरलं. त्या घराची रीत अशी की घरातल्या चुलीवर मटण शिजत नसे. परसात तीन धोंड्यांची वेगळी चूल, आणि त्या चुलीची मी वेगळी तपेली. मटणाचं भांडं घरात येणार नाही आणि घरातलं भांडं मटणाला लागणार नाही. मी गोठ्याच्या खुंटीवर राहायची. कधी कधी दार उघडं असलं की मला आतलं देवघर दिसायचं, समईचा पिवळा ठिपका दिसायचा. तिथे काय काय चालतं, ते बघायला मी मान लांब केली असती, पण तपेलीला मान नसते.

तक्रार नाही करत, मित्रांनो. आखाडात, जत्रेत, पाहुणा आला की माझीच आठवण व्हायची. धुळा धनगर बोकडाचा वाटा घेऊन यायचा. मी चढायची, रस्सा रटरटायचा, आणि वास गावभर माझी चाकरी सांगत हिंडायचा. बनुबाईचा लेक मानसिंग माझ्या बुडाशी राहिलेलं भाकरीनं पुसून खायचा. बाहेरची असले तरी ताटावरची माणसं माझं नाव काढायची.

आणि वर्षाला एकदा कल्हईवाला यायचा. तो भाता मारून निखारा फुलवायचा, मला तापवायचा, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं भर्रकन पुसायचा. माझं आतलं अंग चांदण्यासारखं पांढरं व्हायचं. ही कल्हई म्हणजे काही नटवेपणा नव्हे. तांब्याला आंबट सोसत नाही. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, चिंच, कोकम काहीही ठेवलं की ते कळकतं, हिरवं होतं, आणि ते खाणारा आजारी पडतो. कल्हई हे आमचं मन आहे म्हणा ना. ते शाबूत असलं तर आम्ही अन्नपूर्णा, ते विटलं तर आम्हीच विष.

मग मोठी लढाई आली. मानसिंग पलटणीत गेला, इटली नावाच्या मुलखात लढायला. आणि कथील मिळेनासं झालं. कल्हईवाला एका वर्षी आला तो हात हलवत, पुढच्या वर्षी आलाच नाही. माझं आतलं अंग विटत गेलं. बुडाशी थोडी पांढरी खूण, बाकी उघडं तांबं. मटण शिजलं की लगेच ताटात जायचं, माझ्यात काही मुरत पडायचं नाही, म्हणून निभावत होतं.

त्याच दिवसांतली ही गोष्ट.

पाचगणीच्या बंगल्यांत तेव्हा लांबची माणसं राहायला आली होती. पोलंड नावाच्या देशातली. लढाईनं त्यांची घरं हिसकावली, बर्फाच्या मुलखातून ती कुठून कुठून फिरत आली आणि आमच्या डोंगरावर टेकली. बनुबाई रोज सकाळी दुधाची चरवी घेऊन घाट चढायची आणि तिथल्या एका बंगल्यात धुणंभांडं करून दुपारी परतायची. त्या बंगल्यात हेलेना नावाची बाई तिच्या म्हाताऱ्या वडलांबरोबर राहत होती. हेलेना त्यांना ‘ताता’ म्हणायची. बनुबाईनं त्यांचा सरळ तात्या करून टाकला.

घरी आली की बनुबाई परसात भांडी घासत बसायची आणि मनुबाईला तिथल्या नवलाच्या गोष्टी सांगायची. मी खुंटीवरून ऐकायची. तिथली माणसं अंडं उभं करून खातात. चहात दूध घालत नाहीत. पाय सोडून उंचावर बसून जेवतात. मनुबाई नाक मुरडायची, पण बनुबाई गप्प झाली की तीच म्हणायची, “आनि मग?”

पौष लागला आणि थंडी कडाडली. पठारावर गवताच्या पात्यांवर हिम बसायला लागलं. त्या थंडीनं तात्यांना काय झालं कोण जाणे, त्यांनी जेवण सोडलं. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आजार काही नाही, पण हा माणूस जेवला नाही तर हिवाळा काढणार नाही. तात्या घोंगडी लपेटून भिंतीकडे तोंड करून बसायचे. हेलेना काहीही करून आणी, ते दोन चमचे तोंडात घालत आणि ताट सरकवत. अंगरखा खुंटीला टांगावा तसा तो त्यांच्या अंगावर लोंबायला लागला.

एकदा मात्र त्यांनी तोंड उघडलं. अशा थंडीत आपल्या घरी एक सार व्हायचं, ते म्हणाले. काळ्या पिठाचं, आंबट, दाट. त्यात मसाल्याचा खिमा भरलेली आतडी शिजवलेली. आणि बरोबर घरी भाजलेला पाव. ते असतं तर जेवलो असतो.

हेलेनानं गव्हाचं पीठ पाण्यात कालवून काचेच्या बरणीत खिडकीत ठेवलं. पण त्या गारठ्यात ते आंबेना, त्याला नुसती बुरशी आली. ती बरणी टाकायला म्हणून बनुबाईच्या हातात आली. बनुबाईनं हुंगून पाहिलं, हेलेनाला हातवारे करून विचारलं, पीठ भिजवायचं, आंबू द्यायचं, मग शिजवायचं, असंच ना? हेलेना म्हणाली, असंच. बनुबाईला हसूच आलं. ही तर आंबील. एवढ्यासाठी म्हातारा उपाशी बसला होय.

दुसऱ्या दिवशी तिनं पदराच्या गाठीत नाचणीचं पीठ नेलं. हेलेनानं ते तळहातावर घेतलं. तो काळपट रंग पाहिला, वास घेतला आणि कितीतरी वेळ ती मूठ तशीच धरून उभी राहिली. मग तिनं तात्यांना जाऊन काहीतरी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, असं बनुबाई घरी येऊन सांगत होती. सांगता सांगता तिचं घासणं थांबलं. ती म्हणाली, “आत्याबाई, सोमवारी घिऊन येते म्हनून सांगून आलीया मी. आता न्हाई मिळालं तर त्यो पुन्ना तोंड उघडायचा न्हाई.”

मनुबाई म्हणाली, “कर की मग. तुला कोन धरलंय?”

धुळाकडून बनुबाईनं बोकडाच्या वाट्याबरोबर आतडी मागून घेतली. धुळानं ऐकलं की ही आतडी धुऊन त्यात खिमा भरणार आहे, तेव्हा तो म्हणाला, “वैनी, बोकाड पुन्ना उभं करायचा इचार हाय का काय?” बनुबाईनं आतडी चुन्याच्या निवळीनं, मिठानं, ऊन पाण्यानं धुतली, उलटी करून पुन्हा धुतली. खिम्यात लसूण, मीठ, मिरी घातली. कांदा-लसणाच्या चटणीचा डबा उघडून ती बराच वेळ थांबली आणि मन घट्ट करून तिनं तो बंद केला. तिखट घालू नको म्हणून हेलेनानं बजावलं होतं. मग भरलेली आतडी गाठी मारून परसातल्या चुलीवर धुरात दोरीला टांगली. मनुबाई येता-जाता तिकडे बघायची. एकदा तिनं काठीचं टोक लावून ती हलवूनही पाहिली.

राहिली आंबील. आणि तिथेच खरी अडचण उभी राहिली.

आमच्या घरात आंबील होतीच. पौषातल्या दर मंगळवारी गावदेवीला आंबिलीचा नैवेद्य जायचा आणि तो मान आमच्या घराचा होता. त्यासाठी आतल्या चुलीच्या ऊबेला एक मातीचं मडकं होतं. त्याला मनुबाईशिवाय कुणी हात लावत नसे, तीही अंघोळ करून. नाचणीचं पीठ कालवताना ती हलक्या आवाजात म्हणायची,

आंबिलीचं माझं मडकं, त्याला ऊब गं चुलीची
वाट पाहती गाभारी, माय डोंगराच्या कुळीची

बनुबाईनं भीत भीत विचारलं, त्या मडक्याशेजारी दुसरं एक मडकं ठेवू का. मनुबाई म्हणाली, जे मटणात जायचंय ते देवीच्या चुलीशी आंबायचं नाही. बनुबाई म्हणाली, मग मडकं परसात ठेवते. मनुबाई म्हणाली, आंबिलीचं मडकं देवीचंच, ते मटणाकडे जायचं नाही. दोघींचं बोलणं वाढत गेलं. बनुबाईचा नवरा नाथाजी अशा वेळी नेहमी गोठ्यात जाऊन बैलांशी बोलायचा, तसा तो गेला. शेवटी मनुबाईनं निकाल दिला, “मटणाचं हाय न्हवं? मग मटणाच्या भांड्यात घाल.”

म्हणजे माझ्यात!

मित्रांनो, एरवी कुठलीही बाई विटलेल्या तांब्यात आंबट घालायची नाही. बनुबाईनं तर नाहीच. पण मडक्याचा वाद एवढा झाला की माझ्या पोटाकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही. बनुबाईनं डोकावलं तेव्हा तिन्हीसांज झाली होती. तिला बुडाशी ती पांढरी खूण दिसली. तिला वाटलं, आहे की अजून कल्हई. तिनं पीठ कालवलं, मला परसातल्या चुलीच्या ऊन राखेत बसवलं, वर झाकण ठेवलं.

माझ्या त्या दोन रात्री कशा गेल्या म्हणून सांगू. मला आत काय चाललंय ते कळत होतं. पीठ बुडबुडे सोडत जागं होत होतं, आंबट होत होतं, आणि माझं उघडं तांबं त्यात विरघळत होतं. ज्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही, त्या उपाशी म्हाताऱ्यासाठी मी विष तयार करत होते. ओरडायला मला तोंड होतं, पण त्यावर झाकण होतं.

सोमवारी सकाळी बनुबाईनं झाकण काढलं. काठाला हिरवी कड आली होती. नाचणीच्या काळपट पिठावर शेवाळासारखा तवंग. तिनं वास घेतला.

ती रडली नाही. तिनं मला उचलून उकिरड्यापलीकडच्या खड्ड्यात उपडी केली, जनावरानं तोंड लावू नये म्हणून त्यावर माती लोटली. मग चिंच आणि राख घेऊन ती मला घासायला लागली. इतकी घासली, इतकी घासली की माझं तांबं लग्नाच्या दिवसासारखं लखलखलं. मनुबाई दारात उभी राहून बघत होती. ती एरवी टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही. पण भांडं तिनंच सुचवलं होतं.

बनुबाई हात धुऊन म्हणाली की आपण वर जाऊन सांगून येते, नाही जमलं म्हणून. आणि इटलीतल्या लेकाचं नाव न घेता ती म्हणाली, “इकडं कुनाला घास दिला म्हंजी तिकडं आपल्याला कोन देतंय, आसं न्हाई, कळतंय मला. पर त्यानं दाढी केलीती, आत्याबाई.”

मनुबाई आत गेली. तिनं अंघोळ केली. मला वाटलं पूजेला बसली असेल. पण ती बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत देवीच्या आंबिलीचं मडकं होतं. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आत दोन रात्रींची मुरलेली आंबील.

बनुबाई घाबरली. उद्या मंगळवार. नैवेद्याला काय न्यायचं? नवी आंबील एका रात्रीत होत नाही. घराचा मान जाईल, गाव बोलेल.

मनुबाई म्हणाली, “देवीला योक उपास सोसतोय. म्हाताऱ्याला सोसायचा न्हाई.”

बनुबाईनं मडकं घ्यायला हात पुढे केला. मनुबाईनं दिलं नाही. ज्याला देवीची आंबील जाते आहे, तो माणूस आपण डोळ्यांनी बघणार, असं तिनं सांगितलं आणि म्हातारी मडकं काखेत धरून घाटाला लागली. इतक्या वर्षांत ती पाचगणीला चढली नव्हती. धुरावलेली आतडी कशात न्यायची म्हणून बनुबाईनं मला डोक्यावर घेतलं. अशी आमची दिंडी निघाली. पुढे देवीचं मडकं, मागे मटणाची तपेली. मनुबाईनं दोघींत चांगलं पाचपन्नास पावलांचं अंतर ठेवायला लावलं होतं.

वर पोचलो तेव्हा सूर्य होता पण ऊब नव्हती. बंगल्याच्या मागच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली. हेलेना मडक्यातली आंबील चमच्यानं चाखली आणि ती सारखी मान हलवू लागली. थोडी आंबील घालून तिनं गव्हाचं पीठ मळलं. बनुबाईला वाटलं आता भाजायचं. पण हेलेनानं तो गोळा घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवला आणि ‘झोपू दे’ अशी खूण केली. मनुबाई ओसरीच्या कडेला बसली होती. थोड्या थोड्या वेळानं ती उठायची आणि घोंगडी वर करून बघायची. दुपार कलली तेव्हा गोळा दुप्पट झाला होता. मनुबाईनं त्यात बोट दाबलं. खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला. तिनं पुन्हा दाबलं. हेलेना हसायला लागली.

सार हेलेनाच्या लोखंडी पातेल्यात चढलं, मुलामा दिलेलं ते एकच भांडं तिच्याकडे होतं. त्यात बटाटे, लसूण, भरली आतडी, आणि वरून आंबील ओतून दाट केलेलं. तिच्या घरी एक वाळलेला पाला घालायचे, तो इथे कुठला? बनुबाईनं कुंपणाजवळच्या ओव्याची पानं चुरून तिच्या नाकाशी धरली. हेलेना म्हणाली, “जवळ आहे. चालते.”

पण पाव भाजायचा कशात? तिच्या चुलाणाला भट्टी नव्हती. दोघी इकडेतिकडे बघू लागल्या. तेव्हा बोलली ती मनुबाई. शेतावर पानगे भाजतात तसं करा, ती म्हणाली. खाली पान, वर काहीतरी झाकण, झाकणावर निखारे. आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

जमीन तापवून, राख सारून तिथे केळीचं पान घातलं. त्यावर तो फुगलेला गोळा. आणि त्याच्यावर मी, पालथी. माझ्या पाठीवर निखारे रचले.

मित्रांनो, आयुष्यभर माझ्यात वरून काहीतरी पडत आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाला पंखाखाली घेतलं. अंधारात तो गोळा माझ्याखाली श्वास घेत होता. तो फुगला, ताणला, त्याला भेग पडली. त्याचा वास मी कोंडून धरला, पण काठाखालून तो निसटलाच. मटणाचा वास दणकट असतो, गावभर फिरतो. हा वास हळू होता. तो बंगल्याच्या मागच्या दारातून आत गेला.

आणि थोड्या वेळानं त्याच दारातून तात्या बाहेर आले. घोंगडी लपेटलेली, पाय लटपटणारे. हेलेना धावली, त्यांनी तिला हातानं बाजूला केलं. ते चुलीशी उकिडवे बसले. बनुबाईनं निखारे झाडले, फडक्यानं धरून मला उचललं.

खाली पाव होता. तांबूस-काळा, मधे तडकलेला. तात्यांनी तो उचलला, उलटा केला, बुडावर टिचकी मारली आणि कानाशी धरला. मग मान हलवली. मनुबाई हे सगळं टक लावून बघत होती. तिनं हात पुढे केला, पाव घेतला, टिचकी मारली आणि तीही कानाशी धरून बसली. काय ऐकू आलं ते तिलाच ठाऊक, पण तिनंही मान हलवली.

वाडग्यात सार आलं. तात्यांनी पाव मोडला, सारात बुडवला, तोंडात घातला. त्यांनी दुसरा घास घेतला. मग आतडीचा तुकडा. मग ते हेलेनाशी त्यांच्या भाषेत काही बोलले. हेलेनानं डोळे पुसले आणि आम्हाला सांगितलं, “तो म्हणते, हे आमचा नाही. पण आंबट बरोबर आहे.”

मनुबाई म्हणाली, “देवीचंच हाय. आसनारच बरुबर.”

तात्यांनी वाडगं रिकामं केलं आणि पुढे धरलं. पुन्हा वाढा म्हणून.

दुसरं वाडगं संपल्यावर त्यांनी उरलेल्या पावाचे दोन भाग केले आणि एक मनुबाईपुढे धरला. मनुबाईनं जन्मात परक्या हातचं खाल्लं नव्हतं. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं, आणि तो घेऊन पदरात बांधला. मला वाटलं, वाटेत कुत्र्याला घालेल.

त्या रात्री आम्ही बंगल्यामागच्या खोलीत राहिलो आणि उजाडता उजाडता घाट उतरलो. मंगळवार होता. देवळापाशी बायका जमल्या होत्या, आमच्या घरच्या नैवेद्याची वाट बघत. मनुबाई नदीवर अंघोळ करून तशीच ओलेत्यानं आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि तो अर्धा पाव पानावर ठेवून देवीपुढे सरकवला.

बायका कुजबुजल्या. एकीनं विचारलं, हे काय? आंबील कुठाय?

मनुबाई म्हणाली, “आंबिलीचंच हाय. भाजल्याली हाय येवडंच.”

बनुबाई मागे उभी होती. डोक्यावर मी होते. तिनं सासूच्या कानाशी लागून विचारलं, आत्याबाई, मटणाच्या भांड्याखाली भाजलेलं चालेल का देवीला?

मनुबाई वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, ज्या दिवशी मी उंबऱ्याशी आले होते त्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त वेळ पाहिलं. आणि म्हणाली, “पालथं हुतं ते. पालथ्या भांड्याला कसला आलाय इटाळ?”

मित्रांनो, मी उंबऱ्याच्या आत कधी गेले नाही. त्या दिवसानंतरही गेले नाही. पण माझ्या सावलीत फुललेली भाकर देवीपुढे बसली होती आणि समईचा उजेड तिच्यावर पडला होता. मला एवढं पुरलं.

तात्या तो हिवाळा तरले. ऊन तापायला लागल्यावर ती माणसं कोल्हापूरकडच्या त्यांच्या मोठ्या वस्तीत गेली, आणि पुढे लढाई संपल्यावर समुद्रापलीकडे कुठे कुठे पांगली. मानसिंग घरी आला, एका पायानं जरा लंगडत, पण आला. कथील मिळू लागलं तेव्हा कल्हईवालाही आला. पण तोवर घरात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, हलकी पांढरी भांडी आली होती. त्यांना कल्हई लागत नाही. बनुबाईनं मला दोनदा खुंटीवरून काढलं, दोनदा परत टांगलं. मग एका पावसाळ्यात खुंटी निसटली. तेव्हापासून मी गोठ्याच्या कोपऱ्यात आहे. एक तांबडी कोंबडी माझ्यात खुडूक बसते. तिची ऊब मला आवडते, खोटं कशाला बोलू?

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात माळ्यावर, गोठ्यात, परसात कुणी तांब्या-पितळेचं म्हातारं असेल, तर त्याला नुसतं बाहेरून घासून लखलखीत करू नका. उजेडात आणा, आत डोकावून बघा. आतून विटलेल्याला आपणहून सांगता येत नाही. कल्हई करा, आणि मग हवं ते आंबट, हवं ते गोड त्याच्या पोटात घाला, ते जिवापाड सांभाळेल.

मला बघायला आलात तर मात्र दमानं या. कोंबडी चोच मारते.